हात लबाड असतो

खिल्लारे साहेब समोरच्या घरात राहायला आले त्याच आठवड्यात माझ्या न्हाणीघराचं बांधकाम निघालं होतं, त्यामुळे आमची ओळख झाली ती वाळूच्या ढिगावर. टिप्पर वाळू ओतून नुकताच गेला होता. गवंड्यानं ढिगावरची एक मूठ उचलली, बोटांत चोळली आणि "एक नंबर माल हाय बाई" म्हणून मोकळा झाला. मीही मान डोलावली. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला वाळूतलं काय कळणार! तेवढ्यात समोरच्या फाटकातून एक उंच, शिडशिडीत गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन आले. नमस्कार नाही, नावगाव नाही. ढिगाला एक फेरी मारली, कंपाउंडच्या भिंतीकडून वाकून बघितलं आणि विचारलं, "बाई, फावडं कुणाचं आहे?"

पुढचा तमाशा अख्ख्या गल्लीनं बघितला. त्यांनी ताडपत्री अंथरायला लावली. ढिगाच्या पायथ्याची थोडी वाळू, कमरेइतक्या उंचीवरची थोडी, माथ्याची थोडी, भिंतीकडच्या अंगाची थोडी, आणि मग हात कोपरापर्यंत खुपसून पोटातली थोडी, अशी सगळी तिच्यावर टाकली. ताडपत्रीचे कोपरे आळीपाळीनं उचलून ती घोळली. मग तिचा छोटा ढीग केला, फावड्याच्या पाठीनं भाकरीसारखा थापला आणि त्यावर बोटानं अधिकचं चिन्ह काढलं. झाले चार भाग. समोरासमोरचे दोन फेकले, उरलेले दोन पुन्हा एकत्र केले, पुन्हा ढीग, पुन्हा भाकरी, पुन्हा चार भाग. असं करत करत तो टिप्परभर माल माझ्या घरातल्या तांब्यात मावेल एवढा उरला. तो त्यांनी काचेच्या बरणीत घातला, वर पाणी ओतलं, बरणी खूप हलवली आणि कट्ट्यावर ठेवून दिली.

थोड्या वेळानं बघितलं तर खाली वाळू आणि वर मातीचा चांगला जाड थर. गवंड्याचं तोंड उतरलं.

"वरच्या मुठीत माती नव्हती," साहेब म्हणाले. "पोटात होती."

"अहो पण टिप्पर तर गेला," मी वैतागून म्हणाले. "आता ही वाळू परत कोण भरणार?"

"ते मला माहीत नाही, बाई. माझं काम नमुना घ्यायचं," असं म्हणून त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि ते घरी गेले. वाळू आम्हालाच धुवावी लागली. असा माणूस शेजारी आला म्हणजे आपल्या डोक्याला कायमचा ताप, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

ते मूळचे इथून जवळच्या पिंगळीचे. इथं परभणीतच रसायनशास्त्र शिकले आणि विदर्भातल्या एका मँगनीजच्या खाणीवर लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. काम काय, तर खनिजाचे नमुने घेणं. मला आधी वाटलं, त्यात काय एवढं? खडा उचलायचा आणि पिशवीत टाकायचा. हे मी एकदा बोलून दाखवलं तर साहेब आमच्या अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. म्हणाले, "बाई, डोंगराएवढा माल निघतो. प्रयोगशाळेत त्यातला चमचाभर जातो. त्या चमच्यावर अख्ख्या डोंगराचा निवाडा होतो. तो चमचा आला कुठून, हे विचारायला नको? तपासणी चुकली तर पुन्हा करता येते. नमुनाच चुकीचा घेतला असेल, तर पुढं कितीही बारीक तपासा, सगळं वाया."

मग त्यांनी मला न मागता सगळं समजावलं. ढीग रचताना मोठे खडे घरंगळत पायथ्याला जातात आणि चुरा मधोमध बसतो, म्हणून एकाच जागेचं घेतलं तर घात होतो. पट्ट्यावरून माल पडत असेल तर कडेचा थोडा थोडा घेत बसायचं नाही, एका दमात सगळ्या रुंदीचा घ्यायचा. ढीग पसरलेला असेल तर त्यावर उभ्या-आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोऱ्या जिथं एकमेकींना छेदतात तिथलं जे असेल ते घ्यायचं. दगड आला तर दगड, चुरा आला तर चुरा.

"दोऱ्या कशाला?" मी विचारलं. "डोळे आहेत की."

"डोळे आहेत म्हणूनच दोऱ्या," ते म्हणाले. "नव्या पोरांना नमुना आणायला पाठवलं की चकचकीत, वजनदार खडे घेऊन यायची. त्यांना फसवायचं नसायचं. पण हात आपोआप चांगल्याकडे जातो. माणूस प्रामाणिक असतो, बाई. हात लबाड असतो."

हे वाक्य त्यांनी मला नंतर इतक्या वेळा ऐकवलं की मी मोजायचं सोडून दिलं. खाणीवर एकदा एका ठेकेदारानं खरेदीदार येणार म्हणून ढिगावर वरून उत्तम माल पसरून ठेवला होता. साहेबांसाठी खुर्ची टाकली, थंड पेय आणलं, "साहेब, बसा तर खरं" म्हणून हात धरले. साहेबांनी बाटली हातात घेतली आणि ढिगाच्या मागच्या बाजूला जाऊन पायथ्याशी चर खणायला लावला. आतून निघाला नुसता मुरूम. ही हकीगत सांगताना ते इतके खुश व्हायचे की ठेकेदाराचा चेहरासुद्धा करून दाखवायचे.

खाणीत हे ठीक होतं. पण माणूस घरी आला तरी खाण सुटेना. आमच्याकडे चिवडा खायला आले की आधी डब्याचं झाकण घट्ट लावून डबा उलटा करून हलवायचे, कारण मीठ-मसाला तळाशी बसतो. मोंढ्यात पोत्याच्या तोंडाशी असलेली तूर बघायला ते कधीच राजी नसायचे, टोकदार नळी पोत्यात खालपासून वरपर्यंत खुपसायला लावायचे. व्यापारी त्यांना लांबून बघूनच "आले मँगनीज" म्हणायचे. वर्तमानपत्र मधूनच उघडायचे. आणि एका जागी बसणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा चालत, फोन चालत, भांडणसुद्धा चालत. बसलेच तर गुडघा शिवणयंत्रासारखा हलायचा. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की मलाही उगाच उठून गॅस बंद आहे का बघावंसं वाटायचं.

मुलीचं स्थळ आलं तेव्हा तर कहर केला. मुलाचं घर वसमतला. साहेब सकाळच्या बसनं एकटेच गेले. शेजाऱ्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, पिठाच्या गिरणीवर विचारलं, मुलाच्या शाळेतल्या मास्तरांना विचारलं. आणि मग मुलाचं ज्याच्याशी वाकडं होतं त्याला शोधून काढून त्याच्याबरोबर चहा प्यायले. ही बातमी मुलाच्या बापाला लागायला कितीसा वेळ? संध्याकाळपर्यंत स्थळ मोडलं. पुढं मुलीनं नागपुरात नोकरी करता करता आपला आपणच मुलगा निवडला. साहेब चौकशीला निघाले तर म्हणाली, "बाबा, ह्या ढिगाकडं तुम्ही फिरकायचं नाही." साहेब नागपूरला गेले नाहीत. गल्लीतच फेऱ्या मारत राहिले.

ह्या सगळ्याला पुरून उरल्या होत्या कौसल्याताई, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, खणखणीत आवाजाच्या. सगळी हयात विदर्भात जाऊनही त्यांची बोली पिंगळीचीच राहिली होती. साहेबांची धावपळ त्या फाटकात उभ्या राहून मजेत बघायच्या. "फिरू द्या त्याहीला. फिरले न्हाईत तर गंज चढंल," असं म्हणून मोठ्यानं हसायच्या. ते हसणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

काही वर्षं अशीच गेली आणि एके दिवशी ताईंनी माझा हात धरून आपल्या गळ्याशी नेला. "बाई, बघा बरं, हे काय हाय?" कातडीखाली बोरासारखी गाठ लागली. दुखत नव्हती. साहेबांना सांगायचा त्यांचा विचार नव्हता, पण साहेबांपासून काही लपतंय थोडंच? दुसऱ्याच दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तरुण डॉक्टरीण होती, शांत होती. तिनं गाठीत सुई घालून पाणी काढून तपासायला पाठवलं. आठवड्यानं निकाल आला, त्यात दोष काही नव्हता. ताईंनी गल्लीत पेढे वाटले.

साहेबांनी पेढा घेतला आणि डॉक्टरणीला गाठलं. "सुई किती ठिकाणी घातली?"

ती चिडली नाही. "दोन ठिकाणी," म्हणाली. "आणि काका, सुईची तपासणी कधी कधी चुकू शकते. म्हणूनच सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय. तोवर काळजी करू नका."

साहेबांनी त्यातलं 'दोन ठिकाणी' तेवढं ऐकलं आणि घरी आले. "बोराएवढ्या गाठीत सुईच्या टोकाएवढी जागा तपासली. बाकीच्या बोराचं काय?" असं मला विचारायला लागले. सहा महिने थांबायचं नाही, नांदेडला जाऊन सोनोग्राफीत बघत बघत, चारी अंगांनी पुन्हा नमुना घ्यायचा, हे त्यांच्या मनानं घेतलं.

ताईंनी साफ नकार दिला. त्यांची थोरली बहीण अशाच दुखण्यात गेली होती. सुई लावली की दुखणं पसरतं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मी समजावलं, तसं काही नसतं म्हणाले. त्या ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. मला त्यांची भीती कळत होती आणि साहेबांचीही कळत होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत समोरच्या घराकडं बघायचं मलाच धैर्य होत नव्हतं.

कारण साहेबांनी आता ताईंवरच दोऱ्या ताणल्या होत्या. ताई खोकल्या की ह्यांचे कान टवकारायचे. घास गिळायला वेळ लागला का, जिना चढताना थांबली का, आवाज बसलाय का, पोलकं सैल होतंय का. दिवसातून कितीदा तरी "कसं वाटतंय?" हा एकच प्रश्न. ताई न्हाणीत गेल्या तर हे दारापुढं फेऱ्या मारायचे. माझ्याकडं येऊन कुजबुजायचे, "बाई, आज पुन्हा खोकली." माझीही झोप उडाली. मीसुद्धा भांडी घासता घासता पलीकडचा खोकला ऐकायला लागले होते.

आणि एका दुपारी ताईंचा बांध फुटला. दोघं अंगणात होती, मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते, आणि त्यांना माझी काही चोरी नव्हती.

"मी काय तुमचा मँगनीजचा ढीग हाय का?" ताई म्हणाल्या. "चार भाग करून दोन फेकायला?"

"कौसल्या, मी फक्त—"

"थांबा. आज मी बोलायलेय. सकाळी मी खोकले ते ऐकलं ना तुमी? मग काल नागपूरच्या नातवाशी फोनवर घंटाभर हसले, ते ऐकलं का? दोन भाकरी खाल्ल्या, ते बघितलं का? जगाला सांगत फिरता ना, हात लबाड असतो म्हणून? मग माझ्यातलं काळं काळं तेवढंच का उचलायलाव?"

साहेब चालता चालता थांबले. त्यांना कुणी असं मध्येच थांबवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चेहरा असा झाला की मी कपडे टाकून घरात निघून गेले. मला आत रडू आलं. कुणासाठी, ते माझं मलाच कळलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी फेऱ्या घराबाहेर नेल्या. पहाटे कृषी विद्यापीठाच्या शेतांकडं चालत जायचे ते घामाघूम होऊन परत यायचे, घरात शिरायच्या आधी फाटकाशी उभं राहून श्वास सावरायचे आणि मग आत जायचे. ताईंना काही विचारायचे नाहीत. न विचारण्यानं ते इतके हैराण झाले होते की त्यापेक्षा विचारलेलं बरं, असं मला वाटायला लागलं. ताईंनाही तसंच वाटलं असावं. एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "मी येते नांदेडला. पण आधी मला येलदरीला न्या. धरण बघू, मासे खाऊ. अन् दिवसभर मला कसं वाटायलंय म्हणून विचारायचं न्हाई. माझ्याकडं डॉक्टरावानी बघायचं न्हाई. जमतंय का?"

"जमतंय," साहेब म्हणाले. ताईंनी साक्षीला मला बरोबर घेतलं.

जीपमध्ये साहेब पुढं बसले, म्हणजे मागं बघायचा मोहच नको. जिंतूरला चहा होईतो जीपभोवती फिरत होते. येलदरीला वारा भन्नाट होता, पदर आवरता आवरत नव्हता, पाणी पार पलीकडच्या डोंगरांना लागलं होतं. ताई पोरीसारख्या खुश झाल्या. एका टपरीत तळलेले मासे घेतले. ताई खाता खाता मला काहीतरी गंमत सांगत होत्या, त्यात हसल्या आणि काटा अडकला.

खोकला असा सुरू झाला की थांबेचना. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. साहेब ताडकन उठले. हात पुढं गेला. मी त्यांच्याकडं बघितलं, ताईंनी खोकता खोकता त्यांच्याकडं बघितलं. साहेबांनी तो हात मागं घेतला, खिशात घातला आणि पाठ करून धरणाच्या भिंतीकडं चालायला लागले. मी भाकरीचा कोरडा घास ताईंच्या हातात दिला. त्यांनी तो गिळला, काटा उतरला. त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ साहेबांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिल्या.

"बघा बाई, किती तरास व्हायलाय त्याहीला," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांच्या त्या खणखणीत आवाजात हाक मारली, "ओ! मासा थंड व्हायलाय की!" साहेब जवळजवळ पळतच आले. संध्याकाळी जीपमधून उतरताना ताई म्हणाल्या, "काढा नांदेडचा नंबर."

नांदेडला चार ठिकाणचा नमुना घेतला. निकाल आणायला दोघं गेली, तेव्हा मी सकाळपासून फाटकातच उभी होते. दुपारी रिक्षा आली. आधी ताई उतरल्या आणि सरळ माझ्याकडं आल्या. "निघालं, बाई. एका कडंला हाय म्हणले. ऑपरेशन केलं की बरं होतंय, असं म्हणले डॉक्टर. लवकर सापडलं म्हणले."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. माणसं जमली. शेजारचे निवृत्त पोस्टमन साहेबांची पाठ थोपटून म्हणाले, "मानलं तुमाला, साहेब. तुमी पहिल्यापासून सांगायलते. तुमचंच बराबर निघालं." दुसऱ्या कुणीतरी पहिल्या डॉक्टरणीला शिव्या घालायला सुरुवात केली.

"त्या मुलीला काही बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "तिची सुई जिथं गेली तिथं काही नव्हतं. तिनं खरं तेच सांगितलं, आणि पुन्हा बघू असंही सांगितलं." मग ते पोस्टमनकडं वळले आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. "आणि बराबर काय निघालं हो? काय बराबर निघालं? मला चूक ठरायचं होतं! जन्मभर बरोबर असायची धडपड केली, आणि हे एकदा, एकदाच मला चूक ठरायचं होतं!"

पोस्टमन बिचारे मान खाली घालून उभे राहिले. ताईंनी पुढं होऊन साहेबांचा दंड धरला आणि त्यांना घरात नेलं.

ऑपरेशन नागपूरला, लेकीजवळ राहून करायचं ठरलं. ते झालं आणि नीट झालं. आता दोघं तिकडंच असतात, समोरच्या घरात भाडेकरू आहेत. ताईंचा फोन येतो. आवाज थोडा घोगरा झालाय, हसणं तेच आहे. साहेबांशी फोनवर बोलायचं म्हणजे अवघडच, चालता चालता मध्येच आवाज जातो. मला ते शेवटचे दिसले ते त्यांच्या निघायच्या सकाळी.

रिक्षा दारात उभी होती. बॅगा लावून झाल्या होत्या, ताई आत बसल्या होत्या, गळ्याभोवती लेकीनं पाठवलेला हिरवा रुमाल बांधला होता. गाडीची वेळ होत आली होती आणि रिक्षावाला सारखा मागं वळून बघत होता. साहेब मात्र बाहेर, रिक्षाच्या दांडीला धरून उभे होते. हलत नव्हते. ताईंकडं बघत होते.

"काय बघायलाव असं?" ताईंनी विचारलं. "गाठ?"

"नाही," साहेब म्हणाले. "तुला बघतोय. सगळीच्या सगळी."

ताईंनी मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि आत सरकून जागा केली.

"मग बसून बघा की," त्या म्हणाल्या. "नागपूर लय लांब हाय."